पाठ, गाठ आणि बर्फ

आइस हॉकीचा बूट घालणे हे कष्टाचे काम आहे. घोट्याच्या वरपर्यंत कडक कवच, तळाला पोलादी पाते, आणि नाडी अशी आवळायची की पाऊल आणि बूट एकजीव व्हावेत. जरा सैल राहिली तर वळताना घोटा दगा देतो. खेळाडू हे लहानपणापासून स्वतः करतात आणि दुसऱ्याच्या हातचा ताण त्यांना सहसा पसंत पडत नाही. १९९१ च्या सुमारास अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पेंग्विन्स संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये मात्र त्या काळातला एक सर्वश्रेष्ठ खेळाडू बाकावर ताठ बसून राहायचा आणि संघाचे साहित्य सांभाळणारा माणूस पायाशी बसून त्याच्या नाड्या बांधायचा. खेळाडूचे वय होते पंचवीस. त्याला वाकता येत नव्हते. नाड्या बांधून झाल्या की तो उठून बर्फावर जायचा आणि गोल करायचा.

या खेळाडूचे नाव मारिओ लेम्यू. जन्म ५ ऑक्टोबर १९६५, कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात, फ्रेंच बोलणाऱ्या कामगार कुटुंबात. उंची १९३ सेंटिमीटर, म्हणजे सव्वासहा फुटांहून जरा जास्तच. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, तो ९१५ सामने खेळला आणि त्यांत त्याने ६९० गोल केले. पण त्याच्या कारकिर्दीतले निम्मे नाट्य न खेळलेल्या सामन्यांत आहे. मणक्याचा आजार, हाडातला जंतुसंसर्ग, मोडलेला हात, कर्करोग, झिजलेला खुबा आणि शेवटी हृदयाचे अनियमित ठोके. एवढ्या सगळ्यांशी एकामागून एक गाठ पडूनही जो पुन्हा पुन्हा सर्वोच्च पातळीवर परतला, असा दुसरा मोठा हॉकीपटू दाखवणे कठीण आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. बर्फाचे मैदान, म्हणजे रिंक, साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद. एका बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती, तिला पक म्हणतात. वजन साधारण १७० ग्रॅम. वीस वीस मिनिटांचे तीन भाग. वेग एवढा की एक खेळाडू सलग पाऊण-एक मिनिटच खेळतो, मग बाकावर येतो आणि दुसरा उडी मारून आत जातो. प्रतिस्पर्ध्याला खांद्याने वा अंगाने धडक देणे नियमात बसते. गोल करणाऱ्याला एक पॉइंट मिळतो आणि त्या गोलाला हातभार लावणाऱ्या दोघांपर्यंत खेळाडूंनाही एकेक. त्याला असिस्ट म्हणतात. मोसमभरात शंभर पॉइंट झाले की खेळाडू पहिल्या रांगेतला समजावा.

लेम्यूने ते पहिल्याच मोसमात केले. १९८४ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत पेंग्विन्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. हा संघ तेव्हा गुणतक्त्यात तळाला होता. ११ ऑक्टोबर १९८४ रोजी बॉस्टनमध्ये तो पहिल्यांदा बर्फावर उतरला, रे बोर्क या नामांकित बचावपटूकडून त्याने पक हिसकावला, एकटाच पुढे गेला आणि पहिल्याच फटक्यावर गोल केला. वय पुरते एकोणीस. चार वर्षांनी, १९८८-८९ च्या मोसमात, त्याने ८५ गोल आणि ११४ असिस्ट मिळून १९९ पॉइंट केले. दोनशेचा टप्पा ओलांडणारा आजवर एकटा वेन ग्रेट्झकी. त्याच्यानंतरचा सगळ्यांत मोठा आकडा हाच.

त्याच मोसमात ३१ डिसेंबर १९८८ ला न्यू जर्सीविरुद्ध त्याने जे केले ते तेव्हापासून आजवर कोणालाही जमलेले नाही. हॉकीत गोल पाच परिस्थितींत होऊ शकतो. दोन्ही बाजूंचे खेळाडू समसमान असताना, प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना, आपलाच खेळाडू बाहेर असताना, पेनल्टीवर, आणि समोरच्या संघाने जादा आक्रमक उतरवण्यासाठी गोलरक्षकाला बाहेर काढलेले असताना. लेम्यूने एका रात्रीत पाचही प्रकारचे एकेक गोल केले. शेवटचा गोल घड्याळात अगदी अखेरचे क्षण उरलेले असताना झाला.

इथवर ही एका प्रतिभावंताची सरळ चढती कमान वाटते. पण पाठ तोवर कुरकुरू लागली होती. हॉकीपटू सतत पुढे झुकलेला असतो. गुडघे वाकलेले, कंबर मोडलेली, आणि त्याच अवस्थेत धड गर्रकन फिरवून काठीचा फटका मारायचा. त्यात उंची जास्त असेल तर झुकावेही जास्त लागते. दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते तिचे बाहेरचे कडे चिवट आणि आतला गर मऊ असतो. कडे फाटले की पुरणपोळीच्या कडेने पुरण यावे तसा हा गर बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब देतो. मग कळ कमरेतून पायापर्यंत जाते. गादी सरकली, असे आपण म्हणतो ते हेच.

अशा अवस्थेत १९८९-९० मध्ये लेम्यू सलग ४६ सामन्यांत किमान एक तरी पॉइंट मिळवत गेला. ग्रेट्झकीचा ५१ सामन्यांचा विक्रम हाकेच्या अंतरावर आला. १४ फेब्रुवारी १९९० रोजी न्यूयॉर्कमध्ये वेदना इतकी वाढली की सामना अर्धवट टाकून तो बाहेर पडला आणि ती मालिका तिथेच तुटली. जुलैमध्ये सरकलेल्या गादीवर शस्त्रक्रिया झाली.

खरे संकट त्यानंतर आले. शस्त्रक्रियेच्या जागी मणक्यात जंतुसंसर्ग झाला. प्रौढ माणसाच्या या गादीला स्वतःचा असा रक्तपुरवठा जवळपास नसतो. जिथे रक्त पोचत नाही तिथे औषधही धड पोचत नाही आणि शरीराची लढाऊ पेशींची फौजही नाही. म्हणून हा संसर्ग चिवट असतो. आठवडेच्या आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात आणि रोग्याला पडून राहावे लागते. लेम्यू मोसमाच्या पहिल्या ५० सामन्यांना मुकला. तो पुन्हा खेळेल का, याविषयी उघड शंका व्यक्त होऊ लागल्या होत्या.

२६ जानेवारी १९९१ ला तो क्वेबेकमध्ये परतला. उरलेल्या २६ सामन्यांत ४५ पॉइंट. पुढे स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, बाद फेरीत २३ सामन्यांत ४४ पॉइंट. मिनेसोटाविरुद्धच्या अंतिम फेरीतला दुसऱ्या सामन्यातला त्याचा गोल आजही दाखवला जातो. पक घेऊन तो मधल्या भागातून निघाला, समोरच्या बचावपटूच्या दोन पायांमधून त्याने पक काढला, स्वतः बाजूने वळसा घालून तो पुन्हा गाठला, गोलरक्षकाला चुकवले आणि पडता पडता जाळ्यात ढकलला. तिसऱ्या सामन्यात पाठ पुन्हा अडून बसली म्हणून त्याला खेळताच आले नाही. २५ मे १९९१ रोजी पेंग्विन्सने शेवटचा सामना ८-० ने जिंकला आणि संघाच्या इतिहासातला पहिला कप उचलला. बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू लेम्यूच ठरला.

त्याच्या खेळात या काळात एक बदल झालेला दिसतो, आणि मला तो गोलांच्या संख्येहून जास्त अद्भुत वाटतो. तो कमी धावू लागला. बाकीचे नऊ जण पकामागे पळत असताना हा लांब काठी पुढे टाकून जवळपास तरंगत असायचा. पुढच्या दोन सेकंदांत पक कुठे येणार याचा अंदाज बांधून आधीच तिथे जाऊन थांबायचा. काही समीक्षकांनी त्याला आळशी म्हटले. ही शैली त्याच्याकडे मुळातच होती हे खरे. पण दुखऱ्या पाठीने ती पुरती घोटवून घेतली असावी. ज्याच्याकडे खर्चायला थोडेच आहे तो प्रत्येक पैसा मोजून टाकतो.

१९९२ च्या बाद फेरीत न्यूयॉर्कच्या एका खेळाडूने काठीचा वार करून त्याचे डाव्या हाताचे हाड मोडले. काही सामन्यांनंतर तो परतला, पेंग्विन्सने शिकागोला सलग चार सामन्यांत हरवून दुसरा कप जिंकला आणि लेम्यू पुन्हा बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हाड जुळायला साधारण किती आठवडे लागतात हे ज्याला ठाऊक आहे त्याने या ओळीवर थोडे थांबावे. पण पुढच्या हकिगतीपुढे हा मोडका हात किरकोळच म्हणायचा.

१२ जानेवारी १९९३. लेम्यू चाळीस सामन्यांत १०४ पॉइंटांवर होता आणि ग्रेट्झकीचा मोसमी विक्रमही टप्प्यात दिसत होता. त्या दिवशी जाहीर झाले की त्याच्या मानेतल्या गाठीची तपासणी झाली असून तो हॉजकिन्सचा आजार, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग आहे. वय सत्तावीस. या संघाने जेमतेम वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर १९९१ मध्ये, आपल्याला पहिला कप मिळवून देणारा प्रशिक्षक बॉब जॉन्सन मेंदूच्या कर्करोगाने गमावला होता. त्यामुळे हा शब्द त्या ड्रेसिंग रूमला नवा नव्हता. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूची होती. हॉजकिन्सचा आजार लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता फार चांगली असते, आणि लेम्यूचा लवकर सापडला होता.

उपचार ठरला रेडिएशनचा. शेक एकदम देत नाहीत. रोज थोडा, आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी; म्हणजे निरोगी पेशींना मधल्या काळात सावरता येते आणि रोगट पेशींना तेवढे सावरता येत नाही. लेम्यूला असे २२ वेळा शेक दिले. मानेला शेक म्हटल्यावर घसा सोलवटतो, गिळताना त्रास होतो, कातडी भाजल्यासारखी लाल होते. आणि थकवा साचत जातो. पहिल्या आठवड्यात माणूस म्हणतो, काही विशेष नाही. शेवटच्या आठवड्यात जिना चढताना थांबतो. म्हणजे उपचार संपतो तो दिवस शरीराच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट दिवसांपैकी एक असतो.

लेम्यूने परतण्यासाठी नेमका तोच दिवस निवडला. २ मार्च १९९३ च्या सकाळी पिट्सबर्गमध्ये शेवटचा शेक घेतला, खास विमानाने फिलाडेल्फिया गाठले आणि संध्याकाळी सामन्यात उतरला. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक पाहुण्या संघाला शिव्याशाप देण्यासाठी प्रसिद्ध. पिट्सबर्गशी तर त्यांचे एकाच राज्यातले जुने भाऊबंदकीचे वैर. ते सगळे उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. लेम्यूने एक गोल केला आणि एका गोलाला हातभार लावला. सामना पेंग्विन्सने ५-४ असा गमावला, हे नंतरच्या कथनांत बहुधा गाळले जाते.

तो बाहेर असताना बफेलोचा पॅट लाफॉन्टेन पॉइंटांच्या तक्त्यात १२ ने पुढे निघून गेला होता. लेम्यूने उरलेल्या २० सामन्यांत ३० गोल आणि २६ असिस्ट केले. मोसम संपला तेव्हा लाफॉन्टेन १४८ वर होता आणि लेम्यू १६० वर. तेही केवळ ६० सामने खेळून. ९ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये त्याने एकाच सामन्यात पाच गोल केले. पेंग्विन्सने त्या काळात सलग १७ सामने जिंकले, तो लीगचा विक्रम आहे. सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळालाच, शिवाय चिकाटीसाठी दिला जाणारा मास्टरटन पुरस्कारही. १९६८ मध्ये सामन्यात डोके आपटून झालेल्या इजेने दोन दिवसांत मरण पावलेल्या बिल मास्टरटनच्या स्मरणार्थ तो दिला जातो. एनएचएलच्या सामन्यातल्या इजेने थेट दगावलेला तो एकमेव खेळाडू.

लेम्यूची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे कळस चढवतात. सकाळी शेक, संध्याकाळी गोल! मला ते पुरेसे वाटत नाही, कारण शरीराने आपला हिशेब पुढे मांडलाच. जुलै १९९३ मध्ये पाठीवर दुसरी शस्त्रक्रिया झाली. पुढच्या मोसमात तो जेमतेम २२ सामने खेळू शकला. पाठ तर होतीच, पण शेकानंतरचा थकवाही अंगातून जाईना. तेव्हा ऑगस्ट १९९४ मध्ये त्याने एक घोषणा केली: येता संपूर्ण मोसम आपण खेळणार नाही.

अठ्ठावीस-एकोणतीस हे हॉकीपटूच्या भराचे वय. त्या वयात वर्षभर घरी बसणे म्हणजे विक्रम, पॉइंट, पुरस्कार यांवर पाणी सोडणे. या निर्णयाला टाळ्या मिळाल्या नाहीत. चित्रफितीत दाखवण्यासारखेही त्यात काही नाही. एक माणूस झोपतो, जेवतो, हळूहळू व्यायाम करतो, एवढेच. पण लेम्यूच्या सगळ्या पुनरागमनांत निर्णायक हे वर्ष आहे, असे माझे मत. आधीच्या प्रत्येक वेळी तो अर्धवट बऱ्या शरीरानिशी धावत परतला होता. या वेळी त्याने शरीराला पूर्ण मुदत दिली. १९९५-९६ मध्ये तो आला तेव्हाही काही सामने ठरवून सोडले, विशेषतः लागोपाठच्या दोन रात्रींतला एक. असे ७० सामने खेळून त्याने ६९ गोल आणि ९२ असिस्ट, म्हणजे १६१ पॉइंट केले. एनएचएलमध्ये त्यानंतर कोणाही खेळाडूला एका मोसमात एवढे पॉइंट करता आलेले नाहीत. सर्वोत्तम खेळाडूचा मान पुन्हा त्याचा. पुढच्याही मोसमात तो पॉइंटांत पहिला आला आणि १९९७ च्या वसंतात, एकतिसाव्या वर्षी, निवृत्त झाला. हॉल ऑफ फेममध्ये जाण्यासाठी निवृत्तीनंतर तीन वर्षे थांबावे लागते. त्याच्यासाठी ही अट शिथिल करून त्याच नोव्हेंबरात त्याला प्रवेश दिला गेला.

मग एक विलक्षण आर्थिक वळण आले. पेंग्विन्सचे मालक कर्जात बुडाले आणि १९९८ मध्ये संघाने दिवाळखोरी जाहीर केली. धनकोंच्या यादीत लेम्यूचे नाव ठळक होते, कारण त्याच्या मानधनाचे सुमारे सव्वातीन कोटी डॉलर संघाने पुढे ढकलत आणले होते. ते बुडीत खात्यात जाणार हे दिसत होते. त्याने या येण्याचा बराचसा भाग मालकी हक्कात बदलून घेतला, इतर गुंतवणूकदार जमवले आणि सप्टेंबर १९९९ मध्ये संघच ताब्यात घेतला. थकलेल्या पगारापोटी नोकराने कारखानाच चालवायला घ्यावा, असा हा प्रकार. संघ पिट्सबर्गमध्येच राहिला.

२७ डिसेंबर २००० रोजी हा मालक स्वतः खेळायला उतरला. साडेतीन वर्षे तो एकही सामना खेळला नव्हता आणि वय पस्तीस. आपल्या चार वर्षांच्या मुलाने आपल्याला खेळताना पाहिलेले नाही, हे त्याने दिलेल्या कारणांपैकी एक होते. निवृत्तीनंतर सन्मान म्हणून छताला टांगलेला त्याच्या जर्सीच्या ६६ क्रमांकाचा ध्वज आधी खाली उतरवला गेला. टोरांटोविरुद्धच्या त्या सामन्यात ३३व्या सेकंदाला त्याच्या पासवरून यारोमिर यागरने गोल केला. रात्र संपली तेव्हा लेम्यूच्या नावावर एक गोल आणि दोन असिस्ट होते. उरलेल्या मोसमात ४३ सामन्यांत ३५ गोल झाले.

आता खुब्याने डोके वर काढले. २००१-०२ मध्ये तो एनएचएलचे फक्त २४ सामने खेळला, पण सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकसाठी कॅनडाचे कर्णधारपद त्याने सोडले नाही. पिट्सबर्गच्या तिकिटधारकांनी यावर नाके मुरडली, आणि त्यांचे अगदीच चूक होते असे म्हणता येणार नाही. अमेरिकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात कॅनडा ०-१ ने मागे असताना ख्रिस प्राँगरचा पास लेम्यूकडे आला. त्याने फटका मारायचा आव आणला, गोलरक्षक त्याच्या दिशेने सरकला, आणि लेम्यूने पक हात न लावता आपल्या पायांमधून जाऊ दिला. मागे पॉल कारिया मोकळा उभा होता. मागे कोण आहे हे त्याने न पाहता ओळखले होते. दुखऱ्या खुब्याच्या छत्तीस वर्षांच्या माणसाने स्पर्श न करता घडवलेला हा गोल. कॅनडाने तो सामना ५-२ ने जिंकला आणि पुरुषांच्या हॉकीतले सुवर्ण ५० वर्षांनी परत मिळवले.

डिसेंबर २००५ मध्ये हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याचे निदान झाले. २४ जानेवारी २००६ रोजी, चाळिसाव्या वर्षी, लेम्यू कायमचा निवृत्त झाला. एकूण १७२३ पॉइंट. सामन्यामागे सरासरी १.८८. दीर्घ कारकीर्द झालेल्यांत या सरासरीत त्याच्या पुढे फक्त ग्रेट्झकी, १.९२ सह. पण ग्रेट्झकी १४८७ सामने खेळला. हे अंतर पाहून लेम्यू निरोगी असता तर काय झाले असते, असा हिशेब हॉकीवेडे अजूनही मांडत बसतात. मला तो खेळ निष्फळ वाटतो.

त्याच्या शेवटच्या मोसमात अठरा वर्षांचा सिडनी क्रॉस्बी पेंग्विन्समध्ये दाखल झाला आणि लेम्यूच्याच घरी राहू लागला. जानेवारी २०११ मध्ये पाच दिवसांत दोनदा डोक्याला मार बसून क्रॉस्बीला मेंदूचा आघात झाला. तेव्हा तो लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट घेऊन पुढे होता. लेम्यूच्या मालकीच्या संघाने त्याच्याविना तो मोसम संपवला. बाद फेरीतही तो उतरला नाही. नोव्हेंबरात परतल्यावर पहिल्या सामन्यात त्याने चार पॉइंट घेतले, पण आठ सामन्यांनंतर लक्षणे पुन्हा जाणवू लागली आणि तो आणखी तीन महिने बाहेर बसला. मार्च २०१२ मध्ये आला तो टिकला. २०१६ आणि २०१७ मध्ये पेंग्विन्सने लागोपाठ स्टॅन्ली कप जिंकले आणि दोन्ही वेळा बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू क्रॉस्बी होता.